उजवा फक्त उभं राहायला

डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या भावानं त्यांना विचारलं, "उजवा घेऊन चालंल काय?"

डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. डावा काळा पडलाय, विष वर चढतंय, उद्यापर्यंत सही करा, नाहीतर माणूस राहणार नाही. भरमानंही पुन्हा सांगितलं. "साहेब, उजवा धडधाकट हाय. पर तो फक्त उभं राहायला. तो न्या." डॉक्टरांनी माझ्याकडे वळून हळूच कन्नडमध्ये विचारलं, ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी म्हणाले, हे पहिल्यापासून असंच आहे, शुगरमुळं नाही.

भरमा माझा धाकटा भाऊ. फुटबॉल खेळायचा. हौस म्हणून नाही, त्यावरच पोट होतं. मैदानाच्या डाव्या कडेनं पळायचं आणि बॉल मध्ये टाकायचा, एवढंच त्याचं काम. गोल दुसरेच मारायचे आणि हारही त्यांच्याच गळ्यात पडायचे. मी एकदा विचारलं, तू का जात नाहीस मध्ये? तर म्हणाला, "मधी लई गर्दी असत्या आक्का." लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो कडेलाच बसायचा. वाढपी तिथपर्यंत येईस्तोवर जिलेबी संपलेली असायची.

त्या डाव्या पायाचे लाड मी जन्मभर बघितले. मोजा आधी डाव्याला, तेल फक्त डाव्याला. थंडीत उजवा गोधडीबाहेर राहिला तरी चालायचं. आमच्याकडे उंबऱ्यातून उजवा पाय आधी आत टाकतात. हा नवरी घेऊन आला तो सगळ्या भावकीसमोर डावा टाकून आत शिरला. आईनं मागं पाठवलं. परत डावाच. नवरी माप ओलांडायची म्हणून बिचारी पदर सावरत उभी. शेवटी आईच दमली. पुढं ती बायको माहेरी गेली ती आलीच नाही. जाताना मला म्हणाली, "ह्यास्नी सवत करायची गरज न्हाय वन्सं. पाय हाय." मला तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

बेळगावच्या एका क्लबात त्याची सुरुवात झाली. तिथून बंगळूरच्या एका कारखान्यानं आपल्या टीममध्ये घेतलं, नोकरीही दिली. तिथल्या कोचनं त्याला उजव्या कडेला लावलं. परक्या घरात पाहुणा अंग चोरून बसतो, तसा तो एक हंगाम खेळला आणि नोकरी सोडून आला. तसली नोकरी सोडणारा आमच्या गल्लीत अजून दुसरा झालेला नाही. मग गोवा. तिथं त्याला सगळे 'लेफ्ट' म्हणायचे. भरमा हे नाव तिथं कुणाला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. एक नवा पोरगा आला आणि लेफ्टला बाकावर बसवलं. तिथून कोल्हापूरच्या एका तालमीच्या टीमकडे गेला; तिथं तालमींचे फुटबॉल संघ असतात.

कोल्हापुरात त्याला वसंता भेटला. वसंता दुसऱ्या तालमीचा बॅक. भरमाला अडवायचं हे त्याचं काम. बॉल अडला नाही की तो पाय अडवायचा. भरमा लंगडतच घरी यायचा आणि वसंताच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

खेळायचं वय संपल्यावर तो निपाणीला माझ्याकडे राहायला आला. मी विधवा, तो एकटा, दोघांचा स्वयंपाक एका चुलीवर. संध्याकाळी ओट्यावर पाय पसरून तेल चोळत बसायचा आणि जो येईल त्याला नडगीवरचे वण दाखवायचा. दूधवाला असो, मीटर बघणारा असो. "हा गोव्याचा. हा वसंताचा. हा बी वसंताचा." विमावाला एकदा आला तो परत फिरकला नाही.

यंदाच्या थंडीत पाय ठणकतो म्हणून तो रोज डाव्याला गरम पाण्याचा शेक द्यायला लागला. शुगरनं पाय बधिर झालेला. पाणी कढत आहे हे पायाला कळलं नाही, आणि हात घालून बघावं हे ह्याला सुचलं नाही. हातापेक्षा त्या पायावर त्याचा भरवसा जास्त. भाजून फोड आले ते त्यानं माझ्यापासून लपवले. मला वास आला तेव्हा बोटं काळी पडली होती. उजव्याला कुणी शेक दिला नव्हता. तो चांगला राहिला.

बेळगावच्या दवाखान्यात मी त्याला सरळ सांगितलं, सही कर, मरशील. तो भिंतीकडे तोंड करून पडला. दुपारी मी त्याचा फोन घेतला आणि त्यातल्या जुन्या खेळाडूंना लावायला सुरुवात केली. म्हटलं, माझं नाही तर त्यांचं ऐकेल. बंगळूरचा नंबर बंद होता. बेळगावातल्यानं विचारलं, कोण भरमा? गोव्याचा म्हणाला, अरे, लेफ्ट, विचारलं म्हणून सांगा. आणि ठेवला. खाली 'वसंता बॅक' असं नाव होतं. त्या माणसाचा नंबर ह्यानं जपून ठेवला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. वसंतानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कुठला पाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो आला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला. भरमाशी बोलायच्या आधी त्यानं पायावरची चादर वर केली आणि बराच वेळ बघत राहिला.

"काय बघतोस? तुझंच काम हाय सगळं," भरमा म्हणाला.

"व्हय. पर तू माझं काय केलतंस ते ठावं हाय?" वसंता खुर्ची ओढून बसला. "फायनलला तेवढा एकदा तू सुटलास माझ्याकडनं, आन् गोल झाला. तालमीनं मला बाहेर काढलं. घरात बा बोलंना. त्यानंतर मी बॉलला पाय लावला न्हाय."

भरमाला हे माहीत नव्हतं. तो उठून बसला.

"मला कुणी सांगितलं न्हाय रं."

"सांगायचं काय त्यात. चांगला पाय हुता." वसंतानं चादर परत नीट घातली. "मारायचा तेवढा मी मारला. आता डॉक्टरला दे. तू ऱ्हा."

भरमानं माझ्याकडे हात केला. मी पेन दिलं.

ऑपरेशन झाल्यावर नर्सनं विचारलं, पाय घेऊन जाणार का. असं विचारतात हे मला माहीत नव्हतं. मला भरमाला सोडून जाता येत नव्हतं, म्हणून वसंता पुढं झाला. कापडात गुंडाळलेलं ते त्यानं दोन्ही हातांवर घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "इतकी वर्सं मागं पळालो. आज घावला."

गाडी करून तो निपाणीला गेला आणि आमच्या शेताच्या बांधाला त्यानं तो पुरला. बांधालाच का, म्हणून मी फोनवर विचारलं. म्हणाला, मधी घातला असता तर त्याला आवडलं नसतं.

भरमा कुबड्या घेऊन घरी आला तेव्हा उंबऱ्यातून उजवा पाय आधी आत पडला. दुसरा नव्हताच. 

तेलाची बाटली मी फडताळात ठेवून दिली आहे. संध्याकाळी तो ओट्यावर बसतो, आणि नसलेला पाय दुखतो म्हणतो. डॉक्टर म्हणाले, असं होतं. नडगीत कुठं दुखतं तेही तो सांगतो. मग वसंताला फोन लावून शिव्या देतो. तिकडून वसंता हं, हं करत ऐकत राहतो.

पाय बांधाला आहे. भरमा आहे.