उघड्यावरचा सौदा

नाशिकच्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजची प्रवेश परीक्षा चालू होती. प्रश्नाखाली चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर खूण करायची. सायखेड्याचे मोतीराम बैलांचे दलाल. त्यांची मुलगी विमल आत पेपर सोडवत होती आणि ते खिडकीसमोर निंबाखाली बसले होते. शेजारी देवळाली कॅम्पचा फकिरा, तोही दलाल. त्याचा मुलगा गोटीराम आत होता. दोन दलाल रिकामे कसे बसणार? मोतीरामांनी रुमाल पसरला, त्याखाली दोघांचे हात गेले आणि एका खोंडाचा सौदा सुरू झाला.

सुपरवायझर धावत आले. "रुमालाखाली काय चाललंय?"

"खोंडाचा भाव, साहेब. बोटं धरून करतो आमी."

"मला शिकवता? पोरांना उत्तरं पुरवताय! काढा तो रुमाल. काय करायचं ते उघड्यावर करा."

"उघड्यावर?" फकिरा कळवळला. "अवो, चार माणसांत लाज वाटंल!"

साहेब ऐकेनात. हॉलकडे पाठ करून ते दोघांवर पहारा देत उभे राहिले. फकिराने हवेत दोन बोटं दाखवली, मोतीरामांनी चार. खोंडाच्या शिंगापासून शेपटीपर्यंत एकेक खोड काढत सौदा लांबला. खिडकीच्या रांगेतल्या पोरांना वाटलं, देवच पावला. दोन, चार, एक, तीन... बोट दिसलं की खूण. विमलने एकदाच मान वर केली. 'बापूंनी खोंडाचा भाव लयच चढवून ठेवलाय,' असं पुटपुटून ती पुन्हा गणितात शिरली.

पेपर तपासले तर खिडकीच्या रांगेची उत्तरं एकसारखी! प्राचार्यांनी मोतीरामांना बोलावलं. "तुम्हीच बोटं दाखवली ना? तुमच्या मुलीला प्रवेश नाही."

"साहेब, आधी तिचा पेपर तर बघा. मी उत्तरं दाखवली असती, तर माझीच पोरगी ती सोडंल का?"

प्राचार्यांनी बघितलं. रांगेत एकट्या विमलचा पेपर वेगळा होता, आणि बरोबर होता. बाकी सगळे नापास. विमलचा प्रवेश पक्का झाला.

पण मोतीरामांना राहवेना. "साहेब, खोंड घेताना आमी औताला जुंपून बघतो. तुमी नुसत्या खुणा बघून पोरं घेता व्हय?"

प्राचार्यांनी घंटी वाजवून चहा मागवला.

बाहेर गोटीराम वाटच बघत होता. "काका, तुमच्या बोटांपायी अख्खी रांग बुडाली! शेवटचा प्रश्न तेवढा सगळ्यांचा बरोबर आला."

"यायचाच," मोतीराम रुमाल झटकत म्हणाले. "आधीची बोटं खोटीच असतात, लेका. खरा भाव शेवटाला सांगायचा असतो."