बैठकीतला घोळणा

सुपारी फोडायची तेवढी राहिली होती, आणि त्याआधीच सर्जेरावांचा घोळणा फुटला.

बाकी सगळं बोलणं सुरळीत पार पडलं होतं. हडपसरच्या सर्जेरावांची प्रभा आणि नारायण पेठेतल्या हिंदुरावांचा श्रीनिवास यांनी एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं. मानपान ठरला, कार्यालय ठरलं. वरातीला घोडा की मोटार यावर थोडी खडाजंगी होऊन शेवटी मोटार ठरली. हिंदुरावांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात पांढरीशुभ्र चादर अंथरली होती आणि मधोमध तबकात सुपारी, हळदकुंकू, पेढे मांडले होते. हिंदुरावांच्या थोरल्या बहीण तुळजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना सगळे आक्का म्हणत, आणि आक्कांना विचारल्याशिवाय त्या घरात कोणी पंखासुद्धा लावत नसे. त्या आक्काच म्हणाल्या, "चला, फोडा आता."

नेमका अडकित्ता सापडेना. सगळ्यांच्या माना आतल्या कपाटाकडे वळल्या आणि सर्जेरावांचा घात झाला.

त्यांना एक सवय होती. लोक काळजीत पडले की नखं कुरतडतात. सर्जेरावांचं उलटं होतं. मनासारखं काही झालं, जीव निवांत झाला की त्यांच्या उजव्या हाताचं बोट आपसूक नाकाकडे जाई. ऊस भरघोस आला की बोट नाकात, प्रभा पहिल्या वर्गात पास झाली तेव्हाही बोट नाकात. आज तर मे महिन्याच्या फुफाट्यातून स्कूटरवर आल्यामुळे नाक आतून करकरीत सुकलं होतं. घरून निघताना पत्नी आनंदीबाईंनी बजावलं होतं, "आवो, बैठकीत हात मांडीवर ठेवा बरं का." त्यांनी तासभर ठेवलेही. पण पोरीचं लग्न ठरलं, यापरता आनंद कोणता? बोट गेलं, आत काहीतरी खरवडलं, आणि पांढऱ्या चादरीवर टपटप लाल थेंब पडले.

"अगं बाई! रक्त!" हिंदुरावांच्या पत्नी मथुराबाई अडकित्त्याचा शोध टाकून धावल्या.

"मान वर करा, वर!" हिंदुरावांनी सर्जेरावांचं कपाळ धरून मागे लोटलं. "काही नाही हो, ऊन लागलंय. उन्हानंच होतं असं."

श्रीनिवासने होणाऱ्या सासऱ्यांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मथुराबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला. आता सर्जेरावांच्या नाकातून रक्त, डोळ्यांतून पाणी आणि फेट्यातून माठातलं थंडगार पाणी अशा तिन्ही धारा एकदम वाहू लागल्या. मान मागे असल्यामुळे रक्त घशात उतरलं. त्यांना जोराचा ठसका लागला, पोटात ढवळलं, आणि कोणी पुढे केलेल्या पातेल्यात भडाभडा उलटी झाली. ती अर्थातच लाल.

आक्का ताठ बसल्या.

"रक्ताची उलटी झाली की हो," त्या म्हणाल्या. "हे नाकाचं न्हाई. आतलं दुखणं हाय."

"न्हाई न्हाई आक्का," सर्जेराव घाईने म्हणाले. "काय बी न्हाई. मला हे होतंच अधनंमधनं."

धीर द्यावा म्हणून ते बोलले, आणि बोलताक्षणीच आनंदीबाईंनी कपाळाला हात लावला.

"अधनंमधनं?" आक्कांनी विचारलं. "म्हंजी जुनंच हाय तर. कवापासनं?"

"ल्हानपनापासनं."

"आन तुमच्या वडलांना?"

सर्जेरावांना खोटं बोलणं जमत नसे. वडील सोनबा गोठ्यापुढे बाजेवर पडून निवांत नाक कोरीत, आणि वर्षातून एखादा घोळणा त्यांचाही फुटे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "व्हायचं की त्यांना बी," ते म्हणाले.

"आन पोरीला?"

लहान असताना प्रभाने बापाची ही कला दोनचार वर्षं आत्मसात केली होती, मग आईने रट्टे देऊन ती सोडवली. ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला. आक्कांनी हात लांबवून सुपारीचं तबक आपल्याकडे ओढलं आणि त्यावर रुमाल झाकला.

"श्रीनिवास, खालच्या डॉक्टरीणबाईंना बोलाव. आन सुपारीचं दिवाळीनंतर बघू. घराण्यातलं रक्ताचं दुखणं म्हंजी गंमत न्हाई."

"आक्का, डॉक्टर कशाला?" हिंदुराव एकदम कळवळून म्हणाले. "मी सांगतो ना, ऊन आहे नुसतं!"

"तू डॉक्टर हायस?" आक्कांनी विचारलं, आणि हिंदुराव बसले.

श्रीनिवास चारचार पायऱ्या उतरत गेला. सर्जेराव मान वर करून पंख्याकडे पाहत राहिले. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण व्याही, विहीणबाई, जावई आणि आक्का यांच्यासमोर, फेटा बांधून मुलीची सोयरीक करायला आलेल्या माणसाने सांगायचं काय, तर मी नाकात बोट घातलं? आयुष्यभर लग्नाकार्यात हेच लोक भेटणार. त्यापेक्षा दुखणं परवडलं, असं त्यांना घटकाभर वाटूनही गेलं.

डॉ. नसीमबानू तळमजल्यावर दवाखाना चालवीत. त्या आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "मान वर कोणी करायला लावली? छताला जळमटं आहेत का ते बघायचंय?"

सगळ्यांनी हिंदुरावांकडे पाहिलं.

"सरळ बसा. मान पुढे. आता नाकाचा हा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट धरा. वर हाडापाशी नाही, इथे खाली. तोंडाने श्वास घ्या. दहा मिनिटं सोडायचं नाही, आणि थांबलं का म्हणून दर मिनिटाला उघडून बघायचंही नाही. घशात आलं तर थुंका, गिळू नका. गिळलं म्हणून तर उलटी झाली. आणि तो कांदा भाजीत घाला."

मथुराबाई कांदा घेऊन आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, तो उत्तम निघाला. रक्त पातळ करायच्या गोळ्या नाहीत, पडणं नाही, सर्दी नाही.

"मग राहिलं एकच," त्या म्हणाल्या. "शंभरातले बहुतेक घोळणे ह्यानेच फुटतात. हवा कोरडी, नाक सुकलेलं, आणि माणूस नाकात बोट घालतो. घातलंत?"

सर्जेरावांनी नाक धरल्या धरल्या मान जोरात हलवली. नाही, नाही.

"नाही? मग शोध घ्यावा लागेल. घराण्यात आहे असं श्रीनिवास म्हणाला, तर तुमचं रक्त तपासू, मुलीचंही तपासू. काही लपलेलं असलं तर लग्नाआधी कळलेलं बरं."

"तेच म्हनते मी," आक्का म्हणाल्या.

सर्जेरावांनी पत्नीकडे पाहिलं. आनंदीबाईंचे डोळे भरले होते. सकाळी निघताना प्रभा दारात उभी होती, काही न बोलता नुसती हसत होती, ते सर्जेरावांना आठवलं. त्या पोरीच्या कपाळावर आता रोगाचा शिक्का बसणार, आणि तो कशापायी, तर बापाच्या बोटापायी. मग त्यांनी मन घट्ट केलं.

"घातलं," ते म्हणाले.

नाक चिमटीत असल्यामुळे आवाज पिपाणीसारखा निघाला. आक्कांनी कानाला हात लावला. "काय?"

"बोट घातलं!"

"कुटं?"

"नाकात!" सर्जेराव ओरडले. "नाकात बोट घातलं मी! आमचं वडील बी घालायचे! पोरीनं ल्हानपनी घातलं, आता न्हाई घालत! कुनाला कसलं बी दुखणं न्हाई, आमचं समदं घराणं ठणठणीत हाय!"

खालच्या रस्त्यावर एक सायकलवाला थांबून वर पाहू लागला. मग आक्कांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. त्या रडताहेत असं वाटून मथुराबाई धावल्या, तर त्या पदरात तोंड घालून हसत होत्या.

"आवो पावणं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मग आधीच का न्हाई सांगितलंत? पोरीला उगंच रोगी ठरवलं असतं की मी."

श्रीनिवासने एवढा मोठा निःश्वास टाकला की तबकावरचा रुमाल हलला. आनंदीबाई एकाच वेळी रडत आणि हसत होत्या. रक्त केव्हाच थांबलं होतं. आज नाक शिंकरू नका, रात्री दोन थेंब खोबरेल लावा, पुन्हा रक्त आलं आणि अर्ध्या तासात थांबलं नाही तर मात्र घरात कांदे न फोडता दवाखाना गाठायचा, असं सांगून डॉक्टरीणबाई पेढा घेऊन उतरल्या. सर्जेरावांना इतकं हलकं वाटलं की उजवा हात उठू लागला. आनंदीबाईंनी तो वाटेतच पकडला.

खटकन सुपारी फुटली. पानं वाढली. मथुराबाई वाढायला आल्या आणि नवऱ्याच्या ताटापाशी थबकल्या.

"अहो," त्या सावकाश म्हणाल्या, "गेल्या उन्हाळ्यात तुमचाही घोळणा फुटला होता. उन्हानं म्हणालात. मी म्हटलं, ब्लडप्रेशर असेल. तेव्हापासून वर्ष झालं, तुम्हाला अळणी जेवायला घालतेय मी."

हिंदुराव पंख्याकडे पाहू लागले.

"ऊनच होतं ना ते?"

हिंदुरावांनी शेजारी बसलेल्या व्याह्यांकडे पाहिलं. मग आक्कांकडे पाहिलं. मग वर्षभराच्या अळणी आमटीकडे पाहिलं.

"मथुरा," ते हळूच म्हणाले, "जरा मीठ वाढ."

मथुराबाईंनी मिठाची वाटी पाठीमागे धरली. "आधी हात धुऊन या."

हिंदुराव मुकाट्याने उठले. त्यांच्यामागून, कोणी न सांगता, सर्जेरावही उठले.