आजोबांच्या नावाची वाटी

"घरची भांडी प्रयोगाला घ्यायची नाहीत. आणि भांड्यावर आत काय आहे ते लिहायचं, कुणाचं आहे ते नाही! कळलं?"

बारावीचा निकाल हातात देताना जीवशास्त्राच्या बाईंनी तिला हे बजावून सांगितलं होतं. ती फिसकन हसली. "बाई, मी विद्यापीठात निघालेय, बालवाडीत नाही!"

तोरा बघा! अजून विद्यापीठाचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं, पण पदवीचा सगळा आराखडा तयार होता. आणि तो एकटीचा नव्हता. निम्मा आजोबांचा होता.

आजोबा निवृत्त स्टेशनमास्तर. संध्याकाळ झाली की दोघं गच्चीवर दोन खुर्च्या टाकून बसत. विद्यापीठाची माहितीपुस्तिका आजोबांच्या मांडीवर. ती ते गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तशी वाचत, बोटाखाली ओळ धरून.

"हे बघ प्रोफेसर, पहिलं वर्ष म्हणजे पॅसेंजर गाडी. वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, सगळ्या स्टेशनांवर थांबायचं. दुसऱ्या वर्षी जंक्शन. तिथे गाडी बदलायची. चुकीच्या फलाटावर उभी राहिलीस तर मी बघायला येणार नाही."

"आणि तिसऱ्या वर्षी?"

"तिसऱ्या वर्षी मेल! मधे कुठे थांबायचं नाही."

असे कितीतरी दिवस गेले. अंधार पडून अक्षरं दिसेनाशी झाली तरी आजोबा वाचतच राहायचे, कारण पुस्तिका त्यांना पाठ झाली होती. आज तिच्या पदवीच्या कागदापेक्षा तिला त्या पुस्तिकेचाच वास जास्त आठवतो. गोंदाचा आणि आजोबांच्या तपकिरीचा.

या मेलगाडीला लाल सिग्नल एकच होता. बाबा!

बाबा वीजकेंद्रात पाळीवर. बोलणं मोजकं, पण बोलले की दिवे गेल्यासारखं व्हायचं. "जीवशास्त्र? तीन वर्षं बेडूक बघून काय करणार? वाणिज्यला जा. हिशेब कळणारा माणूस कुठेही चालतो." विषय नोंदवायची शेवटची तारीख आठवड्यावर आली तरी त्यांचा होकार काही येईना.

मग तिने ठरवलं, बाबांना प्रयोगच करून दाखवायचा! बेकरीच्या सामानाच्या दुकानातून अगर-अगरची पूड आणली. भाजी शिजवलेल्या पाण्यात थोडी साखर घालून ती उकळली आणि चार वाट्यांत ओतली. थंड झाल्यावर छान पिवळसर, थुलथुलीत थर बसला. मग घरच्यांच्या नकळत कापसाचे बोळे फिरवले. बाबांच्या स्कूटरच्या किल्लीवरून, आईच्या पर्सच्या बंदावरून, आजोबांच्या काठीच्या मुठीवरून आणि स्वतःच्या पेन्सिलीवरून. ते बोळे एकेका वाटीत टेकवले, वर बशी झाकली आणि वाट्या कपाटाच्या डोक्यावर लपवल्या. आपण दिवसभर काय काय घेऊन हिंडतो ते बाबांना डोळ्यांनी दिसलं की ते काय बोलणार!

प्रयोग झकास जमला. पांढरे ठिपके आले, पिवळे आले, मधूनच हिरवी लव आली. मुदतीच्या आदल्या दुपारी तिने वाट्या खाली काढल्या, स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटात ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीवर ठसठशीत चिठ्ठी चिकटवली. बाबा. आई. आजोबा. मी. मग ती मैत्रिणीकडे भिंग आणायला पळाली.

आता त्या घराची एक रीत सांगायलाच हवी. बाबा पाळीवर, आई रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर, तीही पाळीवर. चौघांची जेवायची वेळ कधी एक व्हायचीच नाही. म्हणून काहीही केलं की त्याचे चार वाटे करायचे, झाकायचे, नावाची चिठ्ठी लावायची आणि जाळीच्या कपाटात ठेवायचे. ज्याचं त्याने खायचं. दुसऱ्याच्या वाटीकडे बघायचंसुद्धा नाही! ही शिस्त तिच्या हाडीमासी इतकी मुरलेली, की चिठ्ठ्या लिहिताना तिला पुसटशी शंकाही आली नाही.

ती भिंग घेऊन परतली, तर कपाटात एकच वाटी होती. 'मी'.

उरलेल्या तीन मोरीत. स्वच्छ! चमच्याने खरवडलेल्या!

"आजोबा!" तिच्या किंकाळीने खिडकीतलं कबुतर उडालं. "तुम्ही त्या वाटीतलं खाल्लंत?"

"खाल्लं की. जरा अगोड होतं, पण पहिल्यांदा करतेस म्हणून बोललो नाही. वर पिस्ता मात्र सढळ हाताने घातलास हो!"

मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं आजोबांचं. हिरवी लव त्यांना पिस्ता दिसली!

"तो पिस्ता नव्हता! बुरशी होती! जंतू होते, तुमच्या काठीवरचे!"

तोवर बाबा दारात. पाळीवरून येऊन झोपलेले, डोळे चोळत. "कसले जंतू?"

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"माझं नाव होतं वाटीवर," बाबा म्हणाले आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "त्यात काय होतं?"

"तुमच्या स्कूटरच्या किल्लीवरचे..."

बाबा मोरीकडे धावले. पदवी गेली चुलीत, आजोबांना काही झालं तर? ऐंशीला टेकलेला जीव! ती अनवाणीच गल्लीच्या टोकाला धावली. डॉक्टरकाकांचा दवाखाना नुकता उघडत होता.

"काका, लवकर चला! आजोबांनी जंतू खाल्ले!"

"कुठले जंतू?"

"माहीत नाही! तेच तर शोधायचं होतं!"

"शांत हो. किती खाल्ले?"

"एक वाटी."

"वाटी?" काका कुलपातली किल्ली फिरवायची थांबले. "कसली वाटी?"

"स्टीलची. पिवळसर थर आणि वर..."

"पिस्ता?" काकांनी अगदी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

झालं होतं असं, की तासाभरापूर्वी काका आजोबांचा रक्तदाब तपासायला घरी येऊन गेले होते. आई निघायच्या घाईत. तिला गोड चालत नसे. तिने स्वतःच्या नावाची वाटी कौतुकाने त्यांच्यापुढे केली होती. "लेकीने केलंय हो, नाही म्हणू नका!"

मग काय विचारता! बैठकीत तिघंही ओळीने बसले. दवाखान्याबाहेर नंबर लावून बसावं तसे. आणि त्यात डॉक्टरही! काका एका हाताने आजोबांची नाडी बघत होते आणि दुसऱ्याने स्वतःचं पोट चाचपत होते. 'मी'ची वाटी समोर टेबलावर. काका भिंगातून तिच्याकडे बघायचे आणि "अरे बापरे" म्हणायचे.

"अहो, एवढं काय!" आजोबा म्हणाले. "माझ्याच काठीवरचे होते ना? घरचे घरी आले!"

"तुमचं बरं आहे," काका रडकुंडीला आले. "मी तर वहिनींच्या पर्सवरचे खाल्ले! माझे माझेसुद्धा नव्हते!"

ती कोपऱ्यात उभी राहून रडत होती. आजोबा जरा खोकले तरी ती पुढे धावायची. बाबा उठले. दिवे जाणार हे तिला कळलं.

"उद्या वाणिज्यला नाव घालायचं. संपला विषय."

"थांब," आजोबा म्हणाले. आवाज बसल्या बसल्या फलाटावरचा झाला. "पोरगी आज नापास झाली, कबूल. पण हे खूळ तिच्या डोक्यातून जाणार आहे का? नाही! मग ते कुठे चालू द्यायचं, आपल्या स्वयंपाकघरात? विद्यापीठात निदान कुलपाची खोली असते. पाटी असते. आत खायला बंदी असते! पाठव तिला तिकडे. घरच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

बाबांनी आजोबांकडे पाहिलं. मग 'मी'च्या वाटीकडे. मग डॉक्टरकाकांकडे, जे आता स्वतःची जीभ आरशात बघत होते.

"अण्णा म्हणतात ते बरोबर आहे," बाबा शेवटी आजोबांकडे बोट करत म्हणाले. "हिला घरात ठेवणं धोक्याचं आहे."

अशी मिळाली तिला सूक्ष्मजीवशास्त्राची परवानगी! गुणवत्तेवर नाही, घरच्यांच्या जिवाच्या भीतीने. कुणाला काही झालं नाही म्हणा. काकांनी दोन दिवस दवाखाना बंद ठेवला, तोही निव्वळ संशयाने. आणि आजोबांचं पोट दुसऱ्या दिवशी कित्येक महिन्यांनी इतकं साफ झालं, की त्यांनी हळूच विचारलं, "प्रोफेसर, थोडं उरलंय का गं?"

आता ती दूर राहते. तिचं वर्षाचं पिल्लू जमिनीवरचं जे दिसेल ते तोंडात घालतं, आणि तीन वर्षं जंतूंचा अभ्यास केल्यामुळे तिला प्रत्येकाचं नाव ठाऊक आहे. त्यामुळे झोप नाही! आई-बाबा नातवंडाला सांभाळायला तिच्याकडे आलेत. आजोबा नव्वदीत त्याच घरात एकटे, हट्टाने. फोन केला की म्हणतात, "ठणठणीत!" वाटी खाल्ली त्या रात्रीही ते ठणठणीतच म्हणाले होते आणि ती पहाटेपर्यंत त्यांच्या उशाशी श्वास मोजत बसली होती. त्यांच्या या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नाही.

तेव्हा मंडळी, तुम्ही त्या बाजूला गेलात तर जरा डोकावून याल? बेल जोरात वाजवा, ऐकू कमी येतं. बारीक झालेत का ते बघा. फक्त तिने पाठवलं असं सांगू नका! मागे शेजारच्या वहिनींना पाठवलं, तर आजोबांनी त्यांनाच चहा पाजून परत पाठवलं आणि वर निरोप दिला, "पोरगी फार काळजी करते. तिच्याकडे जरा कुणीतरी बघून या!"