विश्वशांती, शिवराजच्या कोपराखाली

जगात शांतता आणायला राजकुमार सरांना एक आठवडा पुरेसा होता. तसं त्यांनी प्राचार्यांना सांगूनही टाकलं. उस्मानपुऱ्यातल्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत. दोन्ही महायुद्धं दरवर्षी चार तासांत उरकणाऱ्या माणसाला शांततेचं काय अवघड? विद्यार्थ्यांसाठी विश्वशांतीची जनजागृती मोहीम आखायची होती. शनिवारी निवड समिती पाहणीला येणार आणि निवड झालेल्या कॉलेजचा संघ दिल्लीच्या शिबिराला जाणार!

दिल्लीचं वेड खरं अरफाला होतं. दुसऱ्या वर्षाला असलेली ही पोरगी जालन्याच्या पुढं कधी गेली नव्हती. वाळूजच्या कंपनीत शिफ्टवर जाणाऱ्या तिच्या अब्बांनी निक्षून सांगितलं होतं, निवड झाली तर खुशाल जा, नाही झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

सरांनी आपली योजना मांडली. रॅली, शपथ, शेवटी पांढरी कबुतरं.

अरफानं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, कबुतरं उडून जातील. मग आपण काय करायचं?"

"मग काय करायचं म्हणतेस?"

"ज्याचा ज्याच्याशी अबोला आहे, त्यानं आधी त्याच्याशी बोलायचं. जगाचं नंतर बघू की."

सर बघतच राहिले. इतकी वर्षं फळ्यावर आकृत्या काढून आपल्याला जे जमलं नाही, ते या पोरीनं बसल्याजागी सांगून टाकलं. त्या क्षणापासून सर तिचे शिष्य झाले.

मोहिमेत अडचण एकच होती. वर्गात कुणाचं भांडणच नव्हतं. शोधून शोधून संस्कृती नावाच्या मुलीनं एक आणलं, पण ते मावशीच्या मुलाशी होतं आणि मुलगा बालवाडीत होता.

ती अडचण फ्लेक्सनं दूर केली.

आपल्याकडं बारशापासून तेराव्यापर्यंत फ्लेक्सशिवाय पान हलत नाही, मग विश्वशांती तशी कशी येणार? वर्गातल्या शिवराजच्या मामाचं फ्लेक्सचंच दुकान. शिवराजनं दुसऱ्याच दिवशी एक भलामोठा फ्लेक्स गेटवर चढवला. सगळ्यात वर राजकुमार सर, मधोमध गॉगल लावून हात जोडलेला शिवराज, खाली शुभेच्छुकांची रांग. 'विश्वशांती' ही अक्षरं जिथं जागा उरली तिथं, म्हणजे शिवराजच्या कोपराखाली बसवली होती.

गंगापूरचा गोकुळ शिवराजच्याच खोलीवर राहायचा. मोहिमेची सगळी पोस्टरं त्यानं रंगवली होती. त्याचा फोटो अगदी कडेला आला आणि अर्धा बांबूखाली गेला.

"माझं तोंड बांबूत गेलं," गोकुळ म्हणाला.

"तुझा फोटोच बारका व्हता. मी काय करू?"

"तुझा बरा लई मोठा निघाला!"

झालं. एका डब्यात जेवणारे दोघं पाठीला पाठ लावून जेवायला लागले. वर्गाची डावी बाजू गोकुळची झाली, उजवी शिवराजची. ज्यांचा फोटोच नव्हता त्यांचा तिसरा पक्ष निघाला आणि तो सगळ्यात मोठा होता. सर मध्यस्थीला गेले, तर तिन्ही पक्षांनी एकमुखानं विचारलं, "सर, तुमचा फोटो वर कसा काय?" तो सरांनीच हौसेनं दिला होता, डोक्यावर भरपूर केस होते तेव्हाचा.

शनिवारी सकाळी गोकुळची बाजू फ्लेक्स फाडायला आली आणि शिवराजची बाजू तो राखायला उभी राहिली. तेवढ्यात समितीची गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली. सरांच्या डोळ्यांपुढं दिल्ली धूसर झाली.

अरफा स्टुलावर चढली आणि तिनं दोऱ्या सोडल्या. "धरा रे जरा!"

कार्यक्रमात कुणी 'धरा' म्हटलं की आपला माणूस भांडण विसरून धरतो. दोन्ही बाजूंनी धरलं. तिनं फ्लेक्स उलटा करून बांधला. सगळे चेहरे मागं गेले आणि पुढं आली नुसती पांढरीशुभ्र पाठ. तिनं मार्करनं वर लिहिलं, 'ज्याच्याशी बोलत नाही त्याचं नाव लिहा. मग जाऊन बोला.' आणि मार्कर गोकुळच्या हातात दिला.

गोकुळनं बराच वेळ टोपण काढलं, लावलं. मग 'शिवराज' लिहिलं. शिवराजनं खाली 'गोकुळ' लिहिलं, दुप्पट मोठं.

"हितं बी मोठंच का?" म्हणत गोकुळ हसला. मग सगळ्यांचीच मार्करसाठी झुंबड उडाली. सरांचा ऊर भरून आला. काय पोरगी आहे ही!

समितीच्या मॅडमनी फ्लेक्स वाचला. "नावं छान लिहिलीत. पण खरंच कुणी बोलतंय का? माझ्यासमोर एक तरी भांडण मिटवून दाखवा."

इथं पंचाईत झाली. सगळी भांडणं मिटून मंडळी चहाला गेली होती. मोहीम इतकी यशस्वी झाली, की दाखवायला काही उरलंच नाही. अरफाचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला सरांना बघवेना. त्यांनी मार्कर घेऊन ठळक अक्षरांत लिहिलं, 'सायली'.

"ही माझी बायको," सर म्हणाले. "मला न विचारता माझी जुनी स्कूटर तिनं भावाला देऊन टाकली. आठवडा झाला, मी तिच्याशी बोलत नाही."

आणि त्यांनी समितीसमोरच फोन लावून स्पीकर सुरू केला. "सायली, आठवडाभर अबोला धरला, चुकलं माझं. मनात ठेवू नकोस."

पलीकडून सायलीबाई म्हणाल्या, "अबोला व्हता व्हय? मला वाटलं घसा बसलाय. म्हणून तर रोज हळदीचं दूध देत व्हते."

मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. डोळे पुसत त्यांनी अरफाला जवळ बोलावलं. "दिल्लीला हेच दाखव. आणि सरांनाही घेऊन जा."

अरफा आनंदानं रडायलाच लागली. सरांचा हात फोन बंद करायला धावला, पण सायलीबाई त्याआधीच बोलल्या.

"अहो, ऐका की. लई निवांत गेला हा आठवडा. पुढचा अबोला कवा हाय?"