लटकल्याशिवाय चहा नाही

शेजारच्या आप्पा मगदुमांकडे चहा हवा असेल, तर आधी पाइपला लटकावं लागतं.

"पावणं, दोनी हातांनी धरा, गुडघं मोडा आन् सोडा अंग!" आप्पा ओरडतात. पाइप हलला नाही की "पास!" मगच आत कप वाजतात.

फौंड्रीतून निवृत्त झाल्यावर आप्पांनी परसात हिरव्या जाळीचं ग्रीनहाऊस उभारलं, टांगत्या कुंड्यांसाठी. कुंडी म्हणजे काय, काथ्यात बसवलेला मूठभर नेचा. आधार मात्र जाड लोखंडी पाइपांचा, खांब काँक्रीटमध्ये गाडलेले. पाइप थेट स्वयंपाकघराच्या दारापासून निघतो आणि तोही कमरेच्या जेमतेम वर. कुंड्या नडगीला लागतात.

"आप्पा, एवढ्याशा झाडाला एवढं लोखंड?"

"झाड वाढतंय की."

"नेचा वाढून म्हैस होणाराय का?"

"तुमी लटका."

झाडांचं वेड खरं त्यांच्या बायकोचं, अक्कांचं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा पाय ओढतो. चालल्या नाहीत तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण अक्कांनी काठी भिरकावली, वॉकर परत पाठवला. "मी काय म्हातारी हाय?" म्हणाल्या आणि खिडकीत बसल्या त्या बसल्याच. वाईट वाटायचं. आणि हा गृहस्थ लोकांना लटकवतोय, म्हणून माझं डोकं फिरायचं.

गॅसवाला लटकला. हातकणंगल्याचे व्याही आले, चांगले धिप्पाड, नव्या सफारीत. आप्पांचे डोळे चमकले. "असलं वजन कुठं मिळतंय!" व्याह्यांनी गुडघे मोडले मात्र, टर्रकन आवाज झाला. आप्पांनी पाइप चाचपून आरोळी ठोकली, "पास!" फाटली होती ती पँट. व्याही चहा न घेताच गेले.

परवा मी सवयीनं पाइप धरला, तर आप्पा म्हणाले, "आज तुमी नगं." तेवढ्यात दारातून अक्का कडाडल्या, "नेचा वाळवलासा की वो सगळा!" त्यांनी पाइपवर हात टाकला. एक पाऊल. मग दुसरं. पाइप हाताला बरोबर येत होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पा मागोमाग, कुंड्या बघितल्यासारखं करत, दोन्ही हात पसरून.

टोकाला पोचून अक्कांनी वाळकं पान खुडलं. "अवो, पास का नापास? सांगा की!"

आप्पा खाली वाकून नेच्यात तोंड घालून बसले होते. शेवटी मीच ओरडलो, "पास!"