एकाच पंपात नऊ गोळ्या

आमचे शेजारी साहेबरावकाका सकाळी नऊ गोळ्या एकदम तोंडात टाकतात आणि वरून पेलाभर दूध ओततात. मस्तगडातल्या आमच्या गल्लीत हा सोहळा ओट्यावर उभं राहून, सगळ्यांना दिसेल असा होतो. गोळ्या उतरल्या की छातीवर थाप मारून ते जाहीर करतात, "भरला पंप!"

काकांची अख्खी नोकरी बियाण्याच्या कंपनीत गेली. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना पाठीवरच्या पंपात औषध भरून फवारणी शिकवायची, हे काम. त्यामुळे माणसाकडेही ते कपाशीच्या झाडासारखं बघतात. मी जरा मलूल दिसलो की म्हणणार, "सर, पानं पिवळी पडून राह्यली तुमची. झिंक घ्या!" माझ्या बायकोच्या गुडघ्याला कॅल्शियम, मेव्हण्याच्या टकलाला बायोटिन. सल्ला कुणी मागेपर्यंत थांबणं त्यांना माहीतच नाही.

नऊपैकी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी एकच, थायरॉईडची. बाकीच्या आठ काकांनी जाहिराती वाचून जमवलेल्या. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या, असं त्यांना बजावलं होतं.

"मंग उपाशीच घेतो की," काका म्हणायचे. "तिच्यासंगं बाकीच्या हायेत, एवढंच. नऊ फेऱ्या कोण मारंल? एकाच पंपात!"

एवढं करून तब्येत मात्र उतरतच चालली होती. चेहरा सुजलेला, दोन पायऱ्या चढले की धाप. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला, तरी फरक नाही. त्यात घरी काकू. दोन वर्षांपूर्वी त्यांची एक बाजू लुळी पडली. त्यांना रोज उचलून अंगणातल्या उन्हात बसवायचं काम काका एकटेच करतात. कामाला बाई ठेवा म्हटलं की उखडतात, "तिला दुसऱ्याचा हात बिलकुल चालत न्हाई."

तिसऱ्यांदा रिपोर्ट बिघडला तेव्हा मीच त्यांना स्कूटरवर घालून नेलं. सोबत त्यांच्या सगळ्या डब्या पिशवीत भरल्या. "ते काय औषध हाय का? टॉनिक हाय!" असं काका वाटभर कुरकुरत होते.

डॉक्टर मॅडमनी डब्या टेबलावर मांडल्या आणि कपाळाला हात लावला. "काका, हे कॅल्शियम, हे लोह. ही दोन्ही थायरॉईडच्या गोळीला पोटातच अडवतात, ती अंगाला लागतच नाही. आणि मी इकडे डोस वाढवत बसलेय! मधे चार तास जाऊ द्या. आणि कुठलंही टॉनिक असो, आधी मला दाखवायचं."

मला राहवेना. "काका, दोन औषधं एकत्र करायची तर शेतकऱ्यांना काय सांगायचात तुम्ही?"

"आधी बरणीत मिसळून बघा," काका पुटपुटले. "फाटलं तर फवारू नका."

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मॅडम, ताकद कधी येईल?"

"दीड महिन्याने रक्त पुन्हा तपासू. येईल हळूहळू."

"हळूहळू न्हाई जमत," काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "परवा हिला उचलताना माझे हात सुटले. खाटेवरच पडली म्हणून बरं. ह्या गोळ्या काय मी हौसेनं खातो का? मी आडवा झालो तर तिला कोण उचलंल?"

इतके महिने मी या माणसाची गल्लीभर नक्कल करत होतो. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न विचारता मी त्यांच्या दारात उभा राहिलो. काकांनी आधी तोंड वाकडं केलं, मग बाजूला सरून जागा दिली. दोघांनी मिळून काकूंना उचललं आणि उन्हातल्या खुर्चीत बसवलं. खरं सांगतो, दोघं असूनही माझ्या कमरेत कळ आली.

काका शाल आणायला आत गेले. काकूंनी चांगल्या हाताने पदर सावरला आणि हळूच विचारलं, "लई जड हाये का हो सर मी? हे तर रोज उचलताना म्हणत्यात, तू कालच्यापेक्षा हलकी झाली."