सरदाराचा गुडघा

मनुष्यप्राणी दोनच गोष्टी आनंदाने बदलायला तयार असतो : दुसऱ्याचं मत आणि दुसऱ्याची सवय. या सिद्धान्तावर श्रद्धा ठेवूनच चष्मेवाल्याने घड्याळजीला नव्या आवृत्तीत ओढायची मोहीम हाती घेतली.

खेळ असा. दर रविवारी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या तक्त्याखाली, चौघं टेबलाभोवती बसत. तिघं एकेका पात्राचं सोंग घेत, फासे टाकत आणि राक्षस मारत. राक्षस पुरवायचं काम चष्मेवाल्याकडे. दातांच्या डॉक्टरबाई चेटकीण होत्या, चष्मेवाल्याचा मेव्हणा चोर होता (फक्त रविवारी), आणि घड्याळजी एक म्हातारा सरदार. आता या खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती निघाली होती. जाड पुठ्ठा, रंगीत चित्रं. चष्मेवाल्याने ती घेतली, आणि जिच्यावर सगळ्यांची उमेदीची वर्षं गेली ती जुनी आवृत्ती मुळातच भिकार होती, हे त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं.

"मी नाही खेळणार," घड्याळजी म्हणाला. डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही त्याने.

झालं! सरदाराशिवाय खेळ होत नाही. आणि रविवार मोकळा पडला तर चष्मेवाल्याला सासुरवाडीच्या दिवाणखान्यात जाऊन बसावं लागलं असतं (मेव्हण्यालाही, पण तो राहायचाच तिथे). म्हणून शास्त्रशुद्ध मनधरणी सुरू झाली. डॉक्टरबाईंनी सांगितलं, नवी आवृत्ती अगदी जुनीसारखीच आहे. मेव्हण्याने सांगितलं, तिच्यात जुनं काही म्हणजे काही उरलेलं नाही. चष्मेवाल्याने आकडेवारी मांडली : शंभर टक्के खेळाडू नव्या आवृत्तीवर खूश आहेत (पाहणी एकट्या मेव्हण्याची झाली होती). घड्याळजी सगळं ऐकून घेई, मान हलवी आणि कुणाच्या तरी घड्याळात पुन्हा डोकं खुपशी. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी चष्मेवाला वैतागला. "अरे बाबा, अडलंय कुठे तुझं?"

"गुडघ्यात."

फार वर्षांपूर्वी फासा वाईट पडला आणि सरदाराचा गुडघा मोडला. तेव्हापासून तो लंगडत चाले, आणि प्रत्येक गुहेशी, प्रत्येक पुलावर चेटकीण आणि चोर त्याला शिव्या घालत थांबत. नव्या आवृत्तीत जुन्या जखमा रद्द झाल्या होत्या. पान उघडलं की गुडघा बरा.

"मग चांगलंच आहे की!"

"दिवसभर माझ्या दुकानात माणसं थांबलेली असतात," घड्याळजी म्हणाला. "ती घड्याळासाठी थांबतात. माझ्यासाठी थांबणारे तुम्हीच. गुडघा बरा झाला तर कशाला थांबाल रे?"

चष्मेवाल्याला चष्मा काढून पुसावा लागला. ते त्याला अजिबात आवडलं नाही, म्हणून त्याने तातडीने ठराव मांडला : विशेष बाब म्हणून, सरदाराचा गुडघा नव्या आवृत्तीतही मोडकाच राहील. तशी चिठ्ठी त्या पानावर चिकटवण्यात आली.

घड्याळजी आला. पण एकाला सवलत दिल्यावर बाकीचे गप्प बसतात होय? डॉक्टरबाईंना त्यांचं रद्द झालेलं घुबड परत हवं होतं. मेव्हण्याला पडलेला फासा एकदा पुन्हा टाकायची मुभा हवी होती (ती कुठल्याच आवृत्तीत नव्हती, पण परंपरा होती). खुद्द चष्मेवाल्याला जुनेच राक्षस हवे होते, कारण नव्यांची नावं पाठ होईनात. चिठ्ठीवर चिठ्ठी चढली. पुस्तक फुगलं, मिटेना. छापलेला एकही नियम जागेवर राहिला नाही तेव्हा कुठे खेळ सुरू झाला, आणि सरदार खुरडत पहिल्या पुलावर आला.

"चल रे म्हाताऱ्या, मेलास की काय?" चोर पलीकडून ओरडला. आणि थांबला.

खेळ आटोपल्यावर घड्याळजीने मोठ्या मनाने कबूल केलं, की नवी आवृत्ती खरंच फार सुधारलेली आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. जुनीला यापुढे हातही लावायचा नाही, असं एकमताने ठरलं.

हसताय? हसा, हसा. पण मागच्या खेपेला तुम्ही आमूलाग्र बदललात, घरात तसं जाहीरही केलंत, तेव्हा पुठ्ठा सोडून नेमकं काय बदललं होतं, ते एकदा घरच्यांनाच विचारून बघा.